फोल्डिंग दरवाजा की शटर? गॅरेज किंवा शोरूम टाकण्याआधी हा हिशोब करा



गाळा मिळाला, डिपॉझिट दिलं, बोर्डाचं डिझाइनही फायनल झालं. आणि मग फॅब्रिकेटर विचारतो, "समोर काय लावायचं?" इथे बरेच जण मोबाईल काढतात आणि परदेशातल्या कुठल्यातरी कार शोरूमचा फोटो दाखवतात. काचेचे दहा पल्ले, अकॉर्डियनसारखे घडी होऊन बाजूला गेलेले, आत लाल गाडी उभी. "असंच पाहिजे."

फोटो छानच असतो. पण त्या फोटोत पाऊस नसतो. आपल्या रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कर्जत आणि खालापूर तर सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी. त्यामुळे कर्जत, नेरळ, चौक, खालापूर, खोपोली या पट्ट्यात गॅरेज किंवा गाड्यांचं शोरूम टाकणाऱ्याने दरवाजा कसा निवडावा, त्याचा हिशोब आज मांडू. फोल्डिंग दरवाजा वाईट नाही. काही ठिकाणी त्याच्याशिवाय पर्यायच नसतो. पण तो कुठे लागतो आणि कुठे नुसता शोभेला लागतो, हे पैसे देण्याआधी कळलं पाहिजे.

पहिला प्रश्न: दिवसातून किती वेळा?

दरवाजा कसला हवा हे विचारण्याआधी एक आकडा काढा. या दरवाजातून दिवसाला किती गाड्या आत-बाहेर होणार आणि दरवाजा स्वतः किती वेळा उघड-बंद होणार?

गॅरेजवाल्यासाठी उत्तर सोपं आहे. सकाळी नऊला उघडलं, रात्री आठला बंद केलं. गाड्या दिवसभर येतील-जातील, पण दरवाजा हलणार दोनदाच. फोल्डिंगचा मोठा गुण म्हणजे हवा तेवढाच भाग उघडता येतो. पण दिवसभर सगळं सताड उघडं ठेवणाऱ्याला त्या गुणाचा उपयोग काय? त्याला हवी पूर्ण रुंदी, पूर्ण उंची आणि रात्रीची सुरक्षितता.

शोरूमचं उलट आहे. माणसं दिवसभर आत-बाहेर करतात, गाडी मात्र क्वचित. म्हणजे माणसांचा दरवाजा वेगळा आणि गाड्यांचा वेगळा असा विचार करा. टू-व्हीलरच्या शोरूमला रोजच्या कामाला पाच-सहा फुटांचा काचेचा दरवाजा भरपूर झाला. पण पाडव्याला आणि दसऱ्याला? त्या दिवशी सकाळपासून हार घातलेल्या गाड्यांची रांग लागते, प्रत्येक गाडीबरोबर घरचे पाच-सात जण, नारळ, पेढे, फोटो. त्या दोन दिवसांसाठी संपूर्ण दर्शनी बाजू मोकळी होणं याला खरंच किंमत आहे. माझ्या मते शोरूमसाठी फोल्डिंगच्या बाजूने हे सगळ्यात चांगलं कारण आहे. "लूक"चा नंबर त्यानंतर.

तसं बघायला गेलं तर ही कल्पना आपल्याला नवीन नाही. जुन्या बाजारपेठेतली दुकानं आठवा. उंबरठ्याच्या खाचेत बसवायच्या लाकडी फळ्या, प्रत्येकीवर नंबर. सकाळी फळ्या काढल्या की दुकान पूर्ण उघडं. आताच्या फोल्डिंगला बिजागऱ्या आणि रोलर लागले, एवढाच फरक.

उघडा दरवाजा किती जागा खातो?

आता गणित. समजा तुमचा गाळा १६ फूट रुंद आणि ३० फूट खोल आहे, दरवाजाची उंची ९ फूट. दोन-दोन फुटांचे आठ पल्ले, चार डावीकडे आणि चार उजवीकडे घडी होतात. बिजागरीसकट एक पल्ला तीन इंच धरला तर घडी झाल्यावर प्रत्येक बाजूला एक फूट जाडीचा गठ्ठा उभा राहतो. म्हणजे १६ फुटांच्या दरवाजातून तुम्हाला मोकळे मिळाले १४ फूट. शिवाय तो गठ्ठा दोन फूट आत किंवा बाहेर डोकावतो, आणि पल्ले हलवताना आतली दोन फुटांची पट्टी रिकामी ठेवावी लागते. १६ गुणिले २, म्हणजे ३२ चौरस फूट. तिथे ना गाडी उभी करता येणार, ना टूल ट्रॉली. ४८० फुटांच्या गाळ्यात ही जागा लहान नाही. भाडं तर तिचंही भरताय.

मग बाहेर उघडूया, असं कोणीतरी म्हणतंच. बाहेर जागा तुमची असेल तर जरूर करा. पण पायरीच्या पुढे फूटपाथ किंवा रस्त्याची हद्द असेल तर उघडे पल्ले अतिक्रमणात येतात. कर्जत असो वा खोपोली, नगरपरिषदेची नोटीस आली की पल्ले उलटे फिरवून लावायचा खर्च तुमचाच. घरमालक त्यात पडत नाही.

गाडीच्या मापाचंही तसंच. आरसे उघडे असलेली मोठी एसयूव्ही सात फुटांच्या आसपास जाते, म्हणून कारसाठी दहा फूट मोकळे मिळाले तर ड्रायव्हर शिव्या न देता आत येतो. ट्रकचं गॅरेज असेल तर कायद्याने गाडीची रुंदी जास्तीत जास्त २.६ मीटर, म्हणजे साडेआठ फूट, आणि मालवाहू गाडीची उंची ४ मीटरपर्यंत, म्हणजे तेरा फुटांच्या वर. बोरघाट चढण्याआधी किंवा उतरल्यावर ब्रेक आणि क्लचची कामं करून घ्यायला खोपोलीत ट्रक थांबतात. या धंद्यात उतरायचं असेल तर तेरा फुटांचा आकडा पाठ करा, कारण पुढचा मुद्दा त्याच्यावरच आहे.

रोलिंग शटर वर गुंडाळलं जातं. त्या गुंडाळीला दरवाजाच्या वर फूट-दीड फूट जागा लागते, उंच शटर असेल तर जास्तच. तुमच्या शेडची उंची जेमतेम चौदा फूट असेल तर शटर बसवल्यावर भरलेला ट्रक आत येणार नाही. इथे फोल्डिंग किंवा सरकता दरवाजाच घ्यावा लागतो. आणि खालापूर, चौककडे स्वतःच्या प्लॉटवर शेड बांधत असाल, बाजूला भिंतीची लांबी मोकळी असेल, तर फोल्डिंगपेक्षा सरळ सरकता दरवाजा घ्या. बिजागऱ्या नाहीत, हलणारे भाग कमी, बिघाड कमी. फोल्डिंगची खरी जागा तिथे, जिथे वर उंची नाही आणि बाजूला भिंतही नाही.

पण शटर घेणार असाल तर

छोट्या गॅरेजसाठी मी अजूनही शटरच सुचवतो. पण "शटर द्या" एवढंच सांगून मोकळं होऊ नका. भारतीय मानक ब्युरोचं रोलिंग शटरसाठी आयएस ६२४८ हे मानक आहे. त्याच धर्तीवर सरकारी कामांत साडेतीन मीटरपर्यंत रुंदी असेल तर पट्टी किमान ०.९० मिलीमीटर जाडीची आणि त्याहून रुंद असेल तर १.२५ मिलीमीटरची मागतात. बाजारच्या भाषेत सांगायचं तर अंदाजे २० गेज आणि १८ गेज. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे नवीन माणसाला उलटं वाटतं आणि नेमकं तिथेच गंडवलं जातं. २२ गेज म्हणजे साधारण ०.७ मिलीमीटर. कोटेशनमध्ये गेजबरोबर मिलीमीटरही लिहून घ्या, आणि माल आला की व्हर्नियरने मोजा. रंग लागल्यावर मोजून उपयोग नाही.

क्षेत्रफळाचंही गणित आहे. हाताने वर ढकलायचं शटर केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या नियमावलीत बॉल बेअरिंगशिवाय ८ चौरस मीटरपर्यंत आणि बेअरिंगसह १२ चौरस मीटरपर्यंत चालतं. १२ चौरस मीटर म्हणजे सुमारे १२९ चौरस फूट. आपला १६ बाय ९ चा दरवाजा १४४ चौरस फूट होतो. म्हणजे गिअर आणि साखळी हवीच. ती वाचवली की वर्षभरात रोज सकाळी शटर उचलायला दोन माणसं लागतात, आणि कारागीर एकटा लवकर आला तर बाहेर बसून राहतो.

मोटर लावायची? लावा, पण हाताने चालवायची साखळी असलेलीच. गंमत बघा, खोपोलीत १९१५ पासून आणि कर्जत तालुक्यातल्या भिवपुरीत १९२२ पासून टाटांची जलविद्युत केंद्रं आहेत. शंभर वर्षांहून अधिक काळ आपण मुंबईला वीज देतोय. आणि वादळी पावसात एक फांदी तारेवर पडली की आपलाच बाजार अंधारात. त्या वेळी ग्राहकाची गाडी आत अडकली तर त्याला हा इतिहास सांगून भागत नाही.

वजन कोण उचलणार?

काचेच्या फोल्डिंगचा आग्रह असेल तर हा भाग दोनदा वाचा. काचेचं वजन काढायची सोपी रीत आहे. एक मिलीमीटर जाडीची एक चौरस मीटर काच अडीच किलो. म्हणजे १० मिलीमीटरची काच चौरस मीटरला २५ किलो. आपला १४४ चौरस फुटांचा दरवाजा म्हणजे १३.४ चौरस मीटर. नुसती काच झाली साधारण ३३५ किलो. फ्रेम, बिजागऱ्या, रोलर वेगळे. त्याच मापाला १८ गेजचा लोखंडी पत्रा घेतला तर पत्र्याचं वजन सव्वाशे किलोच्या आसपास.

हे सगळं वजन वरच्या ट्रॅकला लटकतं आणि ट्रॅक लिंटेलला. शिवाय घडी केल्यावर ते मध्ये राहत नाही, दोन्ही टोकांना गोळा होतं. जुन्या गाळ्याचं लिंटेल शटरच्या हिशोबाने टाकलेलं असतं. ते मधोमध काही मिलीमीटर जरी वाकलं तरी पल्ले अडकायला लागतात. मग कारागीर खालून थोडं घासून देतो, पुढच्या वर्षी परत थोडं. म्हणून ऑर्डर देण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा दाखवा. त्याची फी काचेच्या एका पल्ल्यापेक्षा कमी असेल. आणि लक्षात ठेवा, टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. माप चुकलं की काच नवीनच.

भाड्याच्या गाळ्यात माझा सल्ला वेगळा आहे. भिंतीवर आणि लिंटेलवर भार टाकूच नका. दोन बाजूंना लोखंडी खांब आणि वर आडवी बीम, अशी स्वतंत्र चौकट उभी करा आणि अँकर बोल्टने जमिनीत पकडा. दरवाजा या चौकटीला लटकेल. फायदा दुहेरी आहे. लिंटेलची काळजी मिटते, आणि गाळा सोडताना बोल्ट काढून चौकटीसकट दरवाजा नेता येतो. पण हे आधी करारात लिहून घ्या. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार करतात आणि त्यात फर्निचरची यादी असते, दरवाजाचा उल्लेख नसतो. मग सोडताना मालक म्हणतो, "भिंतीला लावलेलं सगळं माझं." एक ओळ पुरते: दर्शनी दरवाजा व चौकट भाडेकरूची मालमत्ता असून गाळा सोडताना काढून नेण्याचा त्यास अधिकार राहील. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स करार लेखी असणं आणि त्याची नोंदणी करणं बंधनकारक आहेच. त्या नोंदणीकृत करारात ही ओळ आली की वादाला जागा उरत नाही. पहिल्या भांडवलातला मोठा तुकडा तुम्ही या दरवाजात अडकवताय, तो परत उचलता आला पाहिजे.

खालचा ट्रॅक आणि आपला चिखल

आता पावसाकडे येऊ, कारण आपल्या भागात फोल्डिंग दरवाजे इथेच मरतात.

फोल्डिंगचे ढोबळ दोन प्रकार. एकात वजन खालच्या ट्रॅकवर असतं, दुसऱ्यात वरून लटकतं आणि खाली फक्त दिशा देणारी खाच असते. खालच्या ट्रॅकवाला स्वस्त पडतो कारण लिंटेलची चिंता नसते. पण टायरबरोबर येणारा चिखल, खडी आणि ग्रीस त्या ट्रॅकमध्ये जाऊन बसतं. वरून गाडी गेली की सगळं दाबलं जातं. ॲल्युमिनियमचा ट्रॅक असेल तर टायरखाली ओठच मिटतात आणि रोलर हलत नाही. गाड्यांच्या दरवाजाला खालच्या ट्रॅकवर वजन नको, हे माझं स्पष्ट मत आहे. वरून लटकणाराच घ्या. खालची खाच जाड लोखंडी चॅनलची, फरशीच्या पातळीत बुडवलेली असू द्या, आणि तिला पाणी बाहेर जायला भोकं हवीत.

पल्ल्यांच्या उभ्या कड्या जमिनीतल्या भोकात बसतात. त्या भोकांत चिखल भरतो, कडी अर्धीच जाते, आणि रात्री तुम्हाला वाटतं दरवाजा लागला. भोकाखाली छोटा पाईप टाकून तो बाहेरच्या गटारात काढला की ही कटकट संपते. खर्च किरकोळ, पण फरशी बसवण्याआधीच करावं लागतं.

जमिनीचा उतार बाहेरच्या बाजूला, शंभराला एक. दरवाजाच्या बाहेर आडवी नाली आणि वर जाड जाळी, गाडीचं वजन पेलेल अशी. वरती किमान चार फूट पत्र्याची शेड, म्हणजे पागोळ्या ट्रॅकवर पडणार नाहीत. दरवाजा पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला तोंड करून असेल तर झड थेट पल्ल्यांवर येते. फोल्डिंगला पल्ल्यांइतक्या फटी असतात. प्रत्येक सांध्याला रबर लागतंच, आणि ते रबर दोन-तीन पावसाळ्यांनी बदलावं लागतं. शटरही पाणी पूर्ण अडवत नाही, पण त्याला फटी कमी.

नदीकाठच्या भागात गाळा असेल तर आणखी एक चौकशी करा. उल्हास नदी कर्जतजवळून नेरळ, वांगणी, बदलापूरकडे जाते. २७ जुलै २०१९ ला याच नदीच्या पुरात वांगणी आणि बदलापूरच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. गाळा घेताना शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारा, पाणी कुठपर्यंत आलं होतं? तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. त्या खुणेखाली मोटर, स्विच आणि कुलूप नको. काचही नको, खालचा भाग लोखंडी पॅनेलचाच करा.

गंज खालच्या सहा इंचांत सुरू होतो, जिथे पाणी उडतं. पोकळ पाईपची फ्रेम असेल तर खालच्या आडव्या पाईपला तळाशी भोकं पाडा, नाहीतर पाणी आत साठून पाईप आतून खातं आणि बाहेरून पावडर कोटिंग चकचकीतच दिसतं. वेल्डिंग आधी, कोटिंग नंतर, हा क्रम कोटेशनमध्ये लिहा. साइटवर वेल्डिंग करून वरून स्प्रे मारलेला सांधा पहिल्याच पावसाळ्यात लाल होतो.

रात्रीचं काय?

काचेच्या फोल्डिंगला रात्री मागे किंवा पुढे जाळीचं शटर लागणारच. मग दोन दरवाजांचा खर्च धरा. जाळीच्या शटरमधून आतल्या गाड्या रात्रीही दिसतात, रस्त्यावरून जाणाऱ्याला जाहिरात होते, ते चांगलंच. लोखंडी फोल्डिंगमध्ये बिजागरीची पिन बाहेरून ठोकून काढता येत नाही ना, ते बघा. पिनेची टोकं वेल्ड करून घ्या. चोरीच्या विम्यात साधारणपणे जबरदस्तीने आत शिरल्याची खूण लागते. कडी अर्धी बसली आणि चोर पल्ला ढकलून आत आला, तर क्लेम मांडणं अवघड होतं.

आणि एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. आपल्याकडे गॅरेजमधली पोरं बऱ्याचदा रात्री आतच झोपतात. बाहेरून शटरला कुलूप, आत ऑइल, थिनर, आता तर चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या. आग लागली तर? मोठ्या दरवाजात आतून उघडणारा छोटा दरवाजा ठेवा किंवा मागे वेगळा दरवाजा काढा. तो होत नसेल तर कोणालाही आत झोपू देऊ नका. याला दुसरा पर्याय मी देणार नाही.

कोटेशन आणि तारीख

माप प्लास्टर आणि फरशी पूर्ण झाल्यावरच द्या. रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी, आणि दोन्ही कर्ण. सगळ्यात कमी माप धरा. कर्ण जुळत नसतील तर चौकट तिरकी आहे. शटर ते खपवून घेतं, फोल्डिंग अजिबात नाही.

तीन कोटेशन घ्या, पण प्रति चौरस फूट दराची तुलना करू नका, कारण एकाच्या दरात रोलर आणि वाहतूक असते, दुसऱ्याच्या दरात नसते. पत्र्याची जाडी, पाईपचं माप, रोलरची भार पेलायची क्षमता, बिजागऱ्यांची संख्या, कोटिंग, कुलूप, फिटिंग, लिंटेलचं काम कोणाकडे आणि १८ टक्के जीएसटी आत की बाहेर, हे सगळं तिघांकडून एकाच कागदावर भरून घ्या. कंपनीची डीलरशिप किंवा सब-डीलरशिप असेल तर ऑर्डर देण्याआधी कंपनीची दर्शनी बाजूची नियमावली मागून घ्या. तुम्ही निळा फोल्डिंग लावला आणि त्यांना राखाडी काच हवी असेल तर तुमचं कोणी ऐकत नाही.

वेळेचं गणित मात्र आपल्या भागाचंच. मे महिन्यात प्रत्येक फॅब्रिकेटर पत्र्याच्या शेडमध्ये अडकलेला असतो, सगळ्यांना मृगाच्या आधी छप्पर हवं असतं. तुमची ऑर्डर फेब्रुवारीत गेली पाहिजे, म्हणजे एप्रिलमध्ये दरवाजा लागतो आणि मे महिन्याभर वापरून बघता येतो. पैसे देताना दहा टक्के पहिल्या मोठ्या पावसापर्यंत राखून ठेवायचे, हे पहिल्याच दिवशी ठरवा आणि लिहून घ्या. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही.

मग जूनमध्ये पहिली जोराची सर आली की दुकानात आतल्या बाजूने खुर्ची टाकून बसा, हातात खडू घ्या. जिथून पाणी आत येतंय तिथे पल्ल्यावर खूण करा, फोटो काढा आणि फॅब्रिकेटरला पाठवा.